दंगलीची धास्ती आणि सिएटलची नगर परिषद

अमेरिकेच्या वायव्य टोकाचे सिएटल हे बंदर १८५१ मध्ये वसले. दुवामिश आणि सुक्वामिश जमातींचा प्रमुख सिआल्थ याच्यावरून गावाला नाव मिळाले. गावाच्या कारभारी मंडळाने १८६५ मध्ये पहिले कायदे केले, त्यांतल्या पाचव्या कायद्याने मूळ रहिवाशांना गावाच्या हद्दीत राहण्यास मनाई केली. म्हणजे नाव ज्याचे घेतले, त्याच्याच लोकांना गावबंदी. या कारभारी मंडळाची जागा पुढे नगर परिषदेने घेतली. या परिषदेने विसाव्या शतकात मानवी हक्क आयोग उभा केला आणि एकविसाव्या शतकात जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. परिषदेचे बहुतेक निर्णय आधी दंगलीच्या भीतीने आणि मग रस्त्यावरच्या रेट्याने झाले.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी वांशिक हिंसाचार रोखणे हे आपले काम आहे, असे परिषदेला वाटत नव्हते. ७ फेब्रुवारी १८८६ रोजी जमावाने घराघरांत शिरून जवळपास ३५० चिनी रहिवाशांना बाहेर काढले आणि बोटीवर चढवण्यासाठी धक्क्यावर नेले. गव्हर्नर वॉटसन स्क्वायर यांना मार्शल लॉ पुकारावा लागला, तरी बहुतेक चिनी लोकांनी शहर सोडलेच. सप्टेंबर १९०७ मध्ये सिएटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम या गावी लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी, मुख्यतः शीख, मजुरांवर जमाव चालून गेला आणि काही दिवसांतच गावात एकही भारतीय माणूस उरला नाही. अशा प्रसंगी पोलीस आणि फार तर लष्कर यायचे. दंगल शमली की प्रकरण मिटले, असे समजले जाई. ज्यांना हाकलले त्यांचे पुढे काय झाले, याची विचारपूस करणारे खाते शहराकडे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने शहराची घडी बदलली. बोइंगचे विमान कारखाने आणि जहाजबांधणीच्या गोद्या माणसांना खेचू लागल्या. १९४० च्या जनगणनेत सिएटलमध्ये ३,७८९ कृष्णवर्णीय रहिवासी होते, १९५० मध्ये ते १५,६६६ झाले. त्याच काळात, १९४२ मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने शहरातल्या सुमारे सात हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेऊन डांबले होते. त्यांतले बरेचसे अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते. त्यांच्या रिकाम्या झालेल्या वस्तीत नवे कामगार दाटीवाटीने राहू लागले. घरे कमी, बसगाड्या भरलेल्या, आणि अनेक कामगार संघटना कृष्णवर्णीयांना सभासदत्व द्यायला तयार नाहीत, अशी स्थिती होती.

जून १९४३ मध्ये डेट्रॉइटला वांशिक दंगल उसळली आणि ३४ माणसे मेली. ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये वणवा पेटला. युद्धसामग्रीचे उत्पादन करणाऱ्या शहरांचे महापौर हादरले. कारखाना आठवडाभर बंद पडणे म्हणजे आघाडीवर तेवढी विमाने कमी पोचणे, हा हिशेब साऱ्यांना कळत होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या अनेक शहरांत 'ऐक्य समित्या', 'आंतरवंशीय समित्या', 'मानवी संबंध आयोग' अशा नावांच्या संस्था निघाल्या. सिएटलचे महापौर विल्यम डेव्हिन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये 'नागरी ऐक्य समिती' नेमली. तिच्यावर बँकर, व्यापारी, धर्मगुरू, कामगार पुढारी आणि अल्पसंख्य समाजांतले मोजके प्रतिनिधी घेतले.

या समितीला कायद्याने कसलाही अधिकार दिलेला नव्हता. साक्षीदार बोलावणे, दंड करणे, हुकूम काढणे, यांपैकी काहीही तिच्या हाती नव्हते. तिची सगळी भिस्त खासगीतल्या बोलण्यांवर होती. एखाद्या हॉटेलमालकाने कृष्णवर्णीय गिऱ्हाईक परतवले, तर समितीचा माणूस त्याला गाठून चार गोष्टी सांगे. वर्तमानपत्रात बोंब होऊ नये, याची काळजी घेतली जाई. हे धोरण भित्रेपणाचे होते असे नंतरच्या पिढीने म्हटले आणि त्यात बरेच तथ्य आहे. पण १९४४ च्या सिएटलमध्ये भीती खरी होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शहरातल्या फोर्ट लॉटन या लष्करी तळावर इटालियन युद्धकैद्यांवर हल्ला झाला आणि गुलिएल्मो ऑलिव्होत्तो हा कैदी फासाला लटकलेला आढळला. त्रेचाळीस कृष्णवर्णीय सैनिकांवर लष्करी खटला चालला, त्यांतल्या अठ्ठावीस जणांना दोषी धरले गेले. तो खटला अन्यायाने चालवला गेला होता, हे लष्कराने मान्य केले ते २००७ मध्ये.

ऐक्य समितीची पहिली मोठी परीक्षा १९४५ मध्ये झाली. छावण्यांतले जपानी-अमेरिकन लोक परत येऊ लागले, तेव्हा त्यांना येऊ देऊ नये म्हणून काही व्यापारी आणि कामगार संघटनांनी आवाज उठवला. समितीने परतणाऱ्यांची बाजू घेतली आणि त्यांना घर व काम मिळावे म्हणून खटपट केली. शहरात मोठा दंगा झाला नाही. समितीचे श्रेय त्यात किती, हे सांगणे अवघड आहे. न झालेल्या दंगलीचा पुरावा कोण देणार? अशा समित्यांच्या कामाचे मोजमाप करताना ही अडचण तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे.

दंगल टाळायला बसलेल्या या मंडळींना एक गोष्ट मात्र लवकरच उमगली. कुठल्याही तक्रारीचा माग काढत गेले की तो घरापाशी जाऊन थांबतो. सिएटलच्या कित्येक वस्त्यांत जमिनीच्या खरेदीखतातच अट घातलेली असे की ही मालमत्ता गोऱ्यांखेरीज कुणालाही विकता वा भाड्याने देता येणार नाही. काही खतांत ज्यूंनाही मज्जाव असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये निकाल दिला की अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत. पण अट लिहिलेल्या कागदावर कुणी बंदी घातली नाही, आणि दलाल व बँका यांच्या वागण्यालाही हात लावला नाही. परिणामी कृष्णवर्णीयांची जवळजवळ सगळी वस्ती 'सेंट्रल डिस्ट्रिक्ट' नावाच्या एका पट्ट्यात कोंडली गेली. शाळा त्यानुसार विभागल्या गेल्या, आणि नोकऱ्याही. वॉशिंग्टन राज्याने १९४९ मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, पण घरांचा प्रश्न शहरानेच सोडवावा, अशी अपेक्षा उरली. नगर परिषद ती अपेक्षा चौदा वर्षे पुढे ढकलत राहिली.

१९६३ च्या उन्हाळ्यात हे ढकलणे थांबले. १ जुलै रोजी सुमारे चारशे लोकांचा मोर्चा निघाला. त्याच्या पुढे माउंट झायन बॅप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड सॅम्युएल मॅकिनी आणि रेव्हरंड मॅन्स जॅक्सन होते. मागणी एकच होती: घर विकताना वा भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म पाहणे हा गुन्हा ठरवा. मोर्चा पांगल्यावर सेंट्रल डिस्ट्रिक्ट यूथ क्लबचे पस्तीसेक तरुण महापौर गॉर्डन क्लिंटन यांच्या कार्यालयात ठिय्या देऊन बसले. सिएटलमधला हा असा पहिला ठिय्या. त्यानंतर पंधरवडाभरात परिषदेने मानवी हक्क आयोग स्थापन केला. बारा सदस्यांच्या या आयोगात कृष्णवर्णीय दोनच होते. तरुण पुन्हा संतापले आणि २५ जुलैला परिषदेच्या सभागृहातच बसले. पोलिसांनी वीसहून अधिक जणांना उचलून नेले.

ऐक्य समिती आणि हा आयोग यांच्यातला फरक समजून घेण्याजोगा आहे. समिती महापौरांच्या मर्जीने चालत होती. आयोग परिषदेच्या कायद्यातून जन्मला होता आणि कायद्याचा मसुदा करणे हे त्याला सोपवलेले काम होते. आयोगाने ते झपाट्याने केले. घरांविषयीच्या कायद्याचा मसुदा त्याच वर्षी परिषदेसमोर आला, आणि इथे परिषदेने हात झटकले. स्वतः मतदान करण्याऐवजी तिने मसुदा सार्वमताला टाकला. १० मार्च १९६४ रोजी शहराने तो ५४,४४८ विरुद्ध १,१५,६२७ मतांनी फेटाळला. स्थावर मालमत्तेच्या दलालांच्या प्रचाराचा सूर 'आपले घर आपण कुणालाही विकू, सरकार कोण सांगणार?' असा होता. त्याच दिवशी महापौरपदी निवडून आलेले डॉर्म ब्रेमन हेही या कायद्याच्या विरोधातच होते. अल्पसंख्यांचे हक्क बहुसंख्यांच्या मतपेटीत टाकण्याचा हा निर्णय परिषदेच्या इतिहासातला सर्वांत दुबळा म्हणावा लागेल, कारण निकाल काय येणार हे टाकणाऱ्यांनाही ठाऊक असावे.

कायदा पडला तरी आयोग उरला, आणि त्याच्या कामाचे मोल पुढच्या चार वर्षांत दिसले. कार्यकारी संचालक फिलिप हायासाका यांच्या देखरेखीखाली आयोग तक्रारी नोंदवत राहिला आणि परिषदेला अहवाल देत राहिला. हुकूम काढता येत नसला तरी दप्तर साचत होते. बाहेर 'कोअर' ही नागरी हक्क संघटना आपल्या कार्यकर्त्यांना विक्रीची घरे पाहायला पाठवून दलालांचा खोटेपणा उघडा पाडत होती, आणि मोठ्या दुकानांवर नोकऱ्यांसाठी बहिष्कार घालत होती. १९६७ मध्ये सॅम स्मिथ परिषदेवर निवडून आले. सिएटल नगर परिषदेचे ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. राज्य विधिमंडळात असताना त्यांनी घरांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे विधेयके मांडली होती. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि देशभर शहरे पेटली. ११ एप्रिलला केंद्रीय गृहनिर्माण कायद्यावर सही झाली. १९ एप्रिलला सिएटलच्या परिषदेने घरांविषयीचा कायदा एकमताने मंजूर केला. त्याला तातडीचे कलमही जोडले, म्हणजे तो लगेच लागू व्हावा आणि पुन्हा सार्वमतात अडकू नये. चार वर्षांपूर्वी जे धाडस झाले नव्हते, ते पंधरा दिवसांत झाले. मसुद्यासाठी आयोगाच्या १९६३ च्या कामाचा पाया मात्र आधीपासून होता.

हिंसा थांबली असे नाही. जानेवारी १९६९ मध्ये सिएटल अर्बन लीगचे प्रमुख एडविन प्रॅट यांची त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून हत्या झाली. या खुनासाठी कुणालाही कधी शिक्षा झाली नाही. त्याच वर्षी परिषदेने मानवी हक्कांसाठी स्वतंत्र नगर विभाग उघडला. आता तक्रार आली की पगारी अधिकारी चौकशी करू लागले. १९७३ मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या शहर कायद्यात लैंगिक कलाचा समावेश झाला, १९७५ मध्ये घरांच्या कायद्यातही झाला. अमेरिकेतल्या फार थोड्या शहरांनी तेव्हा हे केले होते. १९७८ मध्ये ही कलमे काढून टाकण्यासाठी 'इनिशिएटिव्ह १३' नावाचे सार्वमत मागितले गेले आणि मागणाऱ्यांत शहराचेच पोलीस पुढे होते. या वेळी सुमारे ६३ टक्के मतदारांनी ते फेटाळले. १९६४ आणि १९७८ च्या या दोन निकालांमध्ये केवळ चौदा वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात कायदा अमलात होता आणि आकाश कोसळले नव्हते, हे त्यामागचे एक कारण असावे.

विभागाचे पुढे 'नागरी हक्क कार्यालय' झाले आणि कामाची वाटणी ठरून गेली. तक्रार कार्यालयाकडे येते, चौकशी होते, बहुतेकदा दोन्ही पक्षांत तडजोड घडवली जाते. तथ्य आढळले नाही असा शेरा पडला, तर तक्रारदार मानवी हक्क आयोगाकडे अपील करू शकतो. आयोगावरचे नागरिक बिनपगारी असतात. ते परिषदेला आणि महापौरांना सल्ला देतात. कायदा करण्याचा अधिकार नऊ सदस्यांच्या परिषदेकडे आहे, आणि तिच्या विषय समित्या त्याआधी प्रस्ताव तपासून शिफारस करतात. कोणता विषय कोणत्या समितीत बसवायचा हे दर काही वर्षांनी बदलते. काही वर्षे 'सार्वजनिक सुरक्षा, नागरी हक्क आणि तंत्रज्ञान' अशी एकच समिती होती, आणि या वरवर विचित्र दिसणाऱ्या मोटेला अर्थ होता. पोलिसांवर देखरेख करणारे आणि हक्कांचे राखणदार एकाच टेबलाशी बसत होते.

हे टेबल किती महत्त्वाचे, ते १९९९ मध्ये कळले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या शहरात भरलेल्या बैठकीविरुद्ध ३० नोव्हेंबरला हजारो निदर्शक रस्त्यावर उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, महापौर पॉल शेल यांनी शहराच्या मध्यभागी निदर्शनबंदी लावली आणि त्या दिवसांत सुमारे सहाशे लोकांना अटक झाली. पोलीस प्रमुख नॉर्म स्टॅम्पर यांनी राजीनामा जाहीर केला. परिषदेने आपल्याच सदस्यांची जबाबदारी-निश्चिती समिती नेमून साक्षी घेतल्या, कागदपत्रे मागवली आणि सप्टेंबर २००० मध्ये अहवाल दिला. नियोजन आधीपासूनच फसलेले होते, हा त्याचा मुख्य ठपका. पण पैशाचा हिशेब न्यायालयात चुकता झाला. वेस्टलेक पार्कमध्ये अटक झालेल्यांना मिळून २००७ मध्ये दहा लाख डॉलर दिले गेले.

ऑगस्ट २०१० मध्ये एका पोलिसाने जॉन टी. विल्यम्स या मूळ रहिवासी लाकूड-कोरीवकाम कारागिराला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. केंद्रीय न्याय खात्याने पोलिसांच्या बळवापराची चौकशी केली आणि २०१२ पासून शहराचे पोलीस दल न्यायालयाच्या देखरेखीखाली आले. जून २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध निदर्शने भडकली, तेव्हा परिषदेने अश्रुधूर आणि गळा आवळण्याच्या पकडीवर ९ विरुद्ध ० मतांनी बंदी घातली. अश्रुधुरासारख्या गर्दी पांगवण्याच्या साधनांवरची बंदी त्याच देखरेख करणाऱ्या न्यायालयाने लागू होण्याआधीच रोखली. नगर परिषदेची झेप कुठवर, ती सीमा अशा वेळी स्पष्ट होते.

याच्या तुलनेत बंदुकींच्या हिंसेवरचे काम शांतपणे झाले आणि अधिक टिकले. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने शहरांना बंदुकींवर स्वतःचे नियम करायला जवळपास मज्जाव आहे. ही वाट बंद असल्याने परिषदेने दुसरी धरली. २०१३ मध्ये तिने हार्बरव्ह्यू रुग्णालयाच्या इजा-प्रतिबंध संशोधन केंद्राला संशोधनासाठी पैसे दिले. गोळी लागून एकदा दाखल झालेला माणूस पुन्हा गोळी लागून येण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो, असे त्यातून दिसले. म्हणजे रुग्णालयाची खाट ही हिंसा थांबवण्याची जागा होऊ शकते. २०१५ मध्ये सदस्य टिम बर्जेस यांच्या पुढाकाराने परिषदेने एकमताने बंदुकीमागे २५ डॉलर आणि काडतुसामागे २ किंवा ५ सेंट असा कर बसवला. बर्जेस स्वतः पूर्वी पोलीस होते, हे इथे सांगण्यासारखे. कराचे पैसे हिंसा-प्रतिबंधाच्या कामाला ठेवले. बंदूक संघटनांनी हा कर नसून छुपा निर्बंध आहे असा दावा केला, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कर वैध ठरवला.

मराठी वाचकाला या इतिहासाचा ताजा भाग जास्त ओळखीचा वाटेल. २०१३ मध्ये क्षमा सावंत परिषदेवर निवडून आल्या. जन्म पुण्याचा, बालपण मुंबईचे, मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी आणि नंतर अमेरिकेत अर्थशास्त्रात डॉक्टरेट. त्या उघडपणे समाजवादी म्हणून निवडून आल्या, हेच सिएटलमध्ये नवलाचे होते. शहर आणि परिसरातल्या मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉनसारख्या कंपन्यांमुळे इथे भारतीयांची संख्या झपाट्याने वाढली होती. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये सिस्को कंपनीतल्या दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून राज्य सरकारने खटला भरला, आणि अमेरिकेच्या भेदभावविरोधी कायद्यांत 'जात' हा शब्दच नाही, ही उणीव सर्वांसमोर आली.

सावंत यांनी सिएटलच्या भेदभावविरोधी कायद्यांत जात हे कारण जोडण्याचा प्रस्ताव आणला. आंबेडकरवादी संघटना आणि 'इक्वॅलिटी लॅब्ज' ही दलित हक्कांची संस्था बाजूने उभ्या राहिल्या. 'हिंदू अमेरिकन फाउंडेशन' आणि उत्तर अमेरिकेतल्या हिंदूंच्या इतर संघटनांनी हा एका समाजाला वेगळे काढून संशयित ठरवणारा कायदा आहे, असा आक्षेप घेतला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी खचाखच भरलेल्या सभागृहात प्रस्ताव ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. विरोधी मत सारा नेल्सन यांचे होते. जातीवर आधारित भेदभावाला स्पष्ट बंदी करणारे सिएटल हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. कायद्याची रचना नवी नव्हती. १९६८ पासून उभ्या राहिलेल्या चौकटीतच नोकरी, घर, सार्वजनिक सेवा या ठिकाणांच्या यादीत एक शब्द वाढला आणि तक्रार त्याच नागरी हक्क कार्यालयाकडे येऊ लागली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारले. विद्यमान कायद्यांत जात येतेच, असे त्यांचे म्हणणे होते.

सिएटलच्या कायद्याला केंद्रीय न्यायालयात आव्हान दिले गेले. ज्याला प्रत्यक्ष हानी झाली आहे असा दावेदार समोर नाही, या कारणाने न्यायालयाने २०२४ मध्ये तो दावा फेटाळला. सावंत यांनी २०२३ ची निवडणूक लढवली नाही आणि त्या वर्षाअखेरीस त्यांची मुदत संपली. जातीचे कलम शहराच्या कायद्यात राहिले.